परत बोलावण्याचं कारण

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज एकसष्ट पायऱ्या आठ वेळा चढले आणि आठ वेळा उतरले. गुडघे बोंब मारताहेत, आणि मी अशी हसत घरी आले की आईने विचारलं, "डोक्याला काही लागलंय का?"

बावीस वर्षं ऑफिसच्या तळघरात बसून नकाशे काढले. दुसऱ्यांनी मोजलेल्या जमिनी, दुसऱ्यांनी ओलांडलेले ओढे. एकही जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली नव्हती. मग ऑफिसाने ड्रोन घेतला, उडवायला कोणी पुढे होईना, आणि माझा हात आपोआप वर गेला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी परीक्षा दिली आणि पास झाले. आज पहिलं खरं काम. बंद पडलेल्या दगडखाणीत पाणी साठवायचं ठरतंय, त्यात किती पाणी मावेल हे कळायला नकाशा हवा. खाणीचे दहा ब्लॉक पाडलेत, एका ब्लॉकच्या बावीस ओळी.

ब्लॉक एकदा स्क्रीनवर आखून दिला की ड्रोन आपला आपण जातो. अंगण झाडावं तसा या कडेपासून त्या कडेपर्यंत, फोटो काढत. मी कड्यावर उभं राहून नजर ठेवायची, काही वावगं दिसलं तर परत बोलावायचं बटण दाबायचं. बॅटरी पंचवीस टक्क्यांवर आली की तो न सांगताच परत येतो. कड्यावर सपाट जागा नाही, म्हणून उतरायचं ते खाली, खाणीच्या तळाशी. तिथे बॅटरीबुवा असतात. ते बॅटरी बदलतात, आणि ड्रोन काम सोडलं होतं तिथून पुढे सुरू करतो. उतरताना आणि उडताना चालकाने जवळ असायचं असा नियम आहे. म्हणून त्या पायऱ्या.

बॅटरीबुवा हे ऑफिसातलं नाव. देखभाल विभागात चोवीस वर्षं, त्याआधी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तळघरातली ट्यूब गेली की बदलायला यायचे. बावीस वर्षांत आमचं एकूण बोलणं म्हणजे "मॅडम, जरा स्टूल धरता?" आज मात्र बरंच बोलले. करडा स्वेटर होता.

हिशोबाने एका ब्लॉकला चार बॅटऱ्या पुरायला हव्यात. आठही संपल्या तरी तीन ओळी उरल्या. एकदा पक्षी घिरट्या घालत होता म्हणून ड्रोन बोलावून घेतला, एकदा ढग आला, दोनदा वारा वाटला. तरी आठ म्हणजे फारच. या बॅटऱ्यांत काही दम नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बुवांनी प्रत्येक बॅटरीवर पांढऱ्या रंगाने आकडा घातलाय आणि वहीत प्रत्येकीचा स्वभाव लिहिलाय. तीन नंबर तापट, लगेच गरम होते. सहा नंबर आळशी, पण शेवटपर्यंत साथ देणारी. एक नंबरला सकाळची थंडी सोसत नाही, म्हणून ती रजईच्या तुकड्यात गुंडाळून ठेवतात.

मी म्हटलं, "बुवा, बॅटऱ्यांना कुठे स्वभाव असतो?"

ते म्हणाले, "आठ जणी रोज हाताखालून जातात मॅडम. कळायला लागतो."

मी इतकी हसले की पहारेकरी फाटकावरून बघायला आला. बुवा स्वतः हसत नाहीत, फक्त चष्मा काढून पुसतात. आज त्यांनी घरून दुसरी घडीची खुर्ची आणली होती. म्हणाले, उतरून आल्यावर दम लागतो, दोन मिनिटं बसत जा. दोनाची दहा कशी होतात ते कळत नाही.

आजही आठ बॅटऱ्या. ढगाची सावली दोनदा आली. एकदा पंख्यांचा आवाज वेगळा वाटला, खाली येऊन बुवांना विचारलं, त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, ठीक आहे. एकदा कशाला बोलावला ते आता आठवत नाही.

आई भाजी निवडत होती. "आज किती वेळा बदलली बॅटरी?"

"आठ."

"बरं," म्हणाली, आणि खाली बघून शेंगा मोडत राहिली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

विशेष काही नाही. बुवांना सकाळी स्टोअरमध्ये बोलावलं होतं, दुपारपर्यंत नव्हते. पहारेकरी बॅटऱ्या देत होता. त्याला ड्रोनची भीती वाटते, डोळे मिटून हात पुढे करतो. तीन बॅटऱ्यांत सोळा ओळी झाल्या, वारा पडला होता बहुतेक. दुपारी बुवा आले आणि पुन्हा वारा सुटला असावा, कारण उरलेल्या सहांपैकी पाच ओळींनाच पाच बॅटऱ्या लागल्या.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

खाणीवर गेलो नाही, साहेबांनी दोघांना बोलावलं होतं. आमचे साहेब चौतीस वर्षांचे. मोबाइलकडे बघत बोलतात, त्यामुळे रागावलेत की मेसेज वाचताहेत ते समजत नाही.

"ताई, एका ब्लॉकला आठ बॅटऱ्या? चार लिहिल्या होत्या ना?"

मी म्हटलं, बॅटऱ्या टिकत नाहीत.

"आणि बुवा, तुम्ही आणखी चार बॅटऱ्या मागवल्यात. हा अर्ज तुमचाच ना?"

"हो साहेब. आठ कमी पडताहेत."

मग साहेबांनी एक चित्र दाखवलं. एक पेटी आहे. ड्रोन तिच्यावर उतरतो, आतून एक यांत्रिक हात येतो, बॅटरी काढतो, दुसरी घालतो. माणूस लागत नाही. पेटीवाला सतराला खाणीवर येऊन दाखवणार आहे. तोपर्यंत आम्ही चार बॅटऱ्यांत ब्लॉक करून दाखवला तर ठीक, नाहीतर पेटी घ्यायची आणि बुवांची बदली मोठ्या स्टोअरमध्ये. ते स्टोअर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, बिनखिडकीचं. माणसं तिथे निवृत्तीपर्यंत खिळे मोजतात.

"तुमची काळजी नको ताई, तुम्ही उडवायला राहाल," साहेब म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर आल्यावर बुवा म्हणाले, "पेटी चांगली आहे हो. हात छान बसवलाय." हा माणूस स्वतःच्या जागी येणाऱ्या यंत्राचं कौतुक करतो. मी ठरवलंय, सतराच्या आत दोष शोधून काढायचा. बुवांना स्टोअरमध्ये जाऊ द्यायचं नाही म्हणजे नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज दोष शोधला. म्हणजे सापडला नाही, पण जिथे जिथे असू शकतो त्या सगळ्या जागा पालथ्या घातल्या.

ओळी वाऱ्याला आडव्या होत्या, त्या वाऱ्याच्या दिशेने फिरवल्या. वेग थोडा कमी केला. पंखे बदलले. सगळ्या बॅटऱ्या सकाळपासून रजईत. मी मोठ्या उत्साहात बुवांना एकेक उपाय समजावत होते आणि ते सगळं वहीत उतरवून घेत होते, जणू मी प्राध्यापक आहे. त्यासाठी प्रत्येक वेळी खाली येणं भागच होतं, अर्ध्या गोष्टी वरून ओरडून सांगता येत नाहीत.

आठ बॅटऱ्या. चार ओळी शिल्लक.

एक मात्र कळलं. ब्लॉकचं टोक लांब आहे, नुसतं जाण्यायेण्यातच बॅटरी खर्च होते. जितक्या वेळा ड्रोन खाली, तितकी ही जा-ये जास्त, म्हणून बॅटऱ्या जास्त, म्हणून पुन्हा खाली. चक्रच आहे. ते सुरू कुठून होतं तेवढं सापडलं की झालं.

काम बिघडलंय, वरून ताकीद मिळालीय, पाय दुखताहेत. आणि आज येताना मी बसमध्ये गुणगुणत होते. शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. मला काय झालंय देव जाणे, पण फार छान झालंय.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज यंत्राने घोळ घातला. बॅटरी बदलल्यावर स्क्रीन विचारते, पुढे चालू करू की सुरुवातीपासून. मी "पुढे" दाबलं आणि ड्रोन पहिल्या ओळीपासून सुरू झाला. म्हणजे मी "पुढे"च दाबलं असणार. त्या वेळी बुवा त्यांच्या दुकानाची गोष्ट सांगत होते.

एक म्हातारे गृहस्थ रेडिओ घेऊन आले, म्हणाले, आवाज फार बारीक येतो. बुवांनी उघडून पाहिला, काही बिघाड नाही, आवाज दुकानाबाहेर ऐकू जातोय. तरी म्हाताऱ्यांना म्हणाले, "ठेवून जा, पार्ट बदलतो." दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, रेडिओ त्यांच्या उशाशी ठेवत जा.

"पण खरं का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"त्यांना रेडिओ ऐकायचा होता. खरं ऐकायला ते आले नव्हते."

मी यावर विचार करत राहिले आणि तेवढ्यात ड्रोनने झालेल्या पाच ओळी परत काढल्या. यंत्राचं काही सांगता येत नाही.

एकूण आठ बॅटऱ्या. पक्षी पुन्हा आला होता.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज मी वाईट वागले.

सगळं तपासून झालं. वारा नाही, वेग नाही, पंखे नाहीत. उरलं काय, तर चार्जिंग. ते बुवा बॅटऱ्या घरी नेऊन करतात. पाचवी बॅटरी बदलताना मी म्हटलं, "बुवा, एक विचारू? राग नका मानू."

"विचारा की."

"बॅटऱ्या लावता, तेव्हा पूर्ण भरेपर्यंत थांबता ना?"

ते बॅटरीचं तोंड फडक्याने पुसत होते. हात थांबला. माझ्याकडे पाहिलं, मग बॅटरीकडे. "असेल माझंच काही चुकत," म्हणाले. "आज सगळ्या पुन्हा बघतो."

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर मी तीन वेळा खाली गेले, पण खुर्चीवर बसवलं नाही.

आईला सांगितलं. तिने पोळी तव्यावरच ठेवली आणि माझ्याकडे वळली. "तू त्यांना असं म्हणालीस?"

"मग काय करू? कारण तर शोधायला हवं."

"हो, शोध बाई," आई म्हणाली. पोळी करपली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

झालं. चार बॅटऱ्यांत बावीस ओळी.

आज थंडी होती. बुवा "या मॅडम" म्हणाले आणि गप्प बसले. मलाही कालच्या बोलण्याची लाज वाटत होती, म्हणून वरच उभी राहिले. पंचवीस टक्के झाले की ड्रोन निघायचा, मग मी उतरायचे, ते बॅटरी बदलायचे, मी वर. पक्षी दिसला, पण लांब होता. ढग आले आणि गेले. चौथ्या बॅटरीवर ब्लॉक पुरा झाला आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटायला हव्या होत्या.

म्हणजे चार्जिंगचाच दोष होता. मी बोलले, त्यांनी सुधारलं, प्रश्न मिटला. उद्या साहेबांना सांगते, बुवांची बदली टळली. हे सगळं इतकं चांगलं झालंय तर जेवण का जात नाहीये ते कळत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

साहेबांना मोठ्या ऐटीत सांगितलं, चार बॅटऱ्यांत झालं. बॅटऱ्या पूर्ण भरल्या जात नव्हत्या, आता भरल्या जातात.

साहेबांनी मोबाइल खाली ठेवला. मी पहिल्यांदाच त्यांचे डोळे नीट पाहिले. "म्हणजे दहा दिवस बुवा चार्जिंगच नीट करत नव्हते?"

"तसं नाही साहेब."

"मग कसं?"

साहेब म्हणाले, माणसाकडून अशी हयगय होते म्हणूनच पेटी घ्यायची. बुवांच्या बदलीच्या पत्रावर ते सोमवारी पेटी पाहून सही करतील.

मी बदली थांबवायला गेले होते आणि स्वतःच्या हाताने पक्की करून आले. बाहेर बुवा भेटले तर विचारतात, "चेहरा असा का मॅडम? जेवलात का?"

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सविस्तर लिहिते. लिहिल्याशिवाय मला स्वतःवर विश्वास बसणार नाही.

बुवांनी बॅटऱ्या पूर्ण भरल्या होत्या हे सिद्ध करायचं तर त्याची नोंद हवी. ड्रोन प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवतो, बुवा रोज तो कागद छापून फाइलला लावतात. मी ती फाइल कधी उघडली नव्हती. नोंदी वाचायच्या कशाला, मी तर तिथेच होते. आज दुपारी उघडली.

उडताना बॅटरी किती: शंभर, शंभर, नव्याण्णव, शंभर. पहिल्या दिवसापासून एकही कमी नाही. माझा जीव भांड्यात पडला. मी कागद घेऊन साहेबांकडे निघालेच होते, तेवढ्यात शेजारचा रकाना दिसला. उतरताना बॅटरी किती: एकसष्ट, अठ्ठावन्न, सदुसष्ट, बावन्न. म्हणजे अर्ध्याहून जास्त भरलेली असतानाच ड्रोन परत येत होता. आणि त्याच्या पुढचा रकाना: उतरण्याचं कारण. तिथे तीनच शब्दप्रयोग येतात. "काम पूर्ण", "बॅटरी कमी" आणि "चालकाने बोलावले".

चालकाने बोलावले. चालकाने बोलावले. चालकाने बोलावले. पान उलटलं तरी तेच.

यंत्राचा घोळ, असं वाटून मी मोजायला बसले. पहिल्या सहा दिवसांत ड्रोन अठ्ठेचाळीस वेळा उतरला. त्यातले पंचेचाळीस वेळा मी बटण दाबलं होतं. उरलेले तीन, म्हणजे "बॅटरी कमी", तिन्ही एकाच दिवशी सकाळी. बुवा स्टोअरमध्ये गेले होते आणि खाली पहारेकरी होता त्या दिवशी.

मग ही डायरी काढली. पक्षी, ढग, वारा, आवाज, पुन्हा पक्षी. पक्षी कोणता होता हे कुठेही लिहिलेलं नाही. स्वेटर करडा होता हे लिहिलंय. मी टेबलावर डोकं ठेवून हसले, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "रडताय का?" तेही थोडं होतं.

चक्र सुरू कुठून होतं ते सापडलं. माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यापासून. मला खाली जायचं असायचं. एकसष्ट पायऱ्या उतरून त्या खुर्चीवर बसायचं असायचं. तो पक्षी बिचारा आपल्या कामाने आला असेल.

मला बुवा आवडतात. लिहिलं. आता पुसणार नाही.

आणखी एक. प्रत्येक कागदाच्या खाली बारीक अक्षरात बुवांची सही आहे, "तपासले" म्हणून. तीन तारखेपासून. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चार जास्तीच्या बॅटऱ्या मागितल्या तेव्हा माहीत होतं. मी चार्जिंगबद्दल विचारलं आणि ते "असेल माझंच काही चुकत" म्हणाले, तेव्हाही माहीत होतं.

हे कागद दाखवले तर बुवांवरचा ठपका जातो. पण खेळ म्हणून ड्रोन वरखाली करणाऱ्या बाईच्या हातात साहेब तो पुन्हा कशाला देतील? मी तळघरात. नाही दाखवले तर बुवा खिळे मोजायला.

रविवार, १६ नोव्हेंबर

आईला सांगितलं. मला वाटलं, धक्का बसेल.

"अगं, मला वाटलं तुला माहीत आहे," ती म्हणाली. "आठ वेळा एकसष्ट पायऱ्या. या घरात तू गच्चीवर कपडे वाळत घालायला जात नाहीस."

"उद्या साहेबांना दाखवू का?"

"मी नको म्हटलं तर दाखवणार नाहीस का?"

दाखवणार.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पेटीवाला नऊला आला. टाय लावून, धुळीत. पेटी चौघांनी उतरवली. ती एवढी गोंडस आहे की मलाच थाप मारावीशी वाटली. साहेब आले. बुवा आपल्या रजईशेजारी उभे होते, आज निळा स्वेटर.

पेटी उघडायच्या आत मी साहेबांना फाइल दिली. "साहेब, आधी हे बघा. बॅटऱ्या पहिल्यापासून पूर्ण भरलेल्या होत्या. मी चुकीचं सांगितलं."

साहेब वाचत गेले. पान उलटलं, पुन्हा मागे आले. "पंचेचाळीस वेळा तुम्ही बोलावला?"

"हो."

"का?"

पेटीवाला ऐकत होता. पहारेकरी ऐकत होता. बुवा चष्मा पुसत होते, आधीच स्वच्छ असलेला. मी कालपासून उत्तर पाठ केलं होतं, त्यात सावधगिरी असा एक शब्द होता. तो ऐन वेळी तोंडातून निघेना.

"मला खाली यायचं होतं," मी म्हटलं.

"खाली काय आहे?"

मी बोटही दाखवलं नाही. पण खाणीच्या तळाशी आहे काय, दगड, दोन खुर्च्या आणि बुवा. साहेबांनी दगडांकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं, मग बुवांकडे. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी मोबाइल काढला आणि बराच वेळ त्यात काही नसलेलं वाचलं.

"आजचा ब्लॉक माझ्यासमोर करा," शेवटी म्हणाले. "मी वर तुमच्याजवळ उभा राहतो. मग ठरवू."

आयुष्यात परीक्षेला घाबरले नसेन इतकी घाबरले. ड्रोन ओळीमागून ओळ घेत होता आणि माझा अंगठा शिवशिवत होता. एकदा साहेबच म्हणाले, "ताई, तो पक्षी बघा," आणि मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. चाळीस टक्के. तीस. पंचवीसला ड्रोन स्वतःहून वळला. पायऱ्या उतरलो, बुवांनी बॅटरी बदलली, पेटीवाला हातात घड्याळ धरून मोजत होता. अडतीस सेकंद. त्याची पेटी नव्वद घेते, हे त्याने स्वतःच सांगितलं, प्रामाणिक माणूस.

चौथ्या बॅटरीवर बावीस ओळी पुऱ्या झाल्या. कागदावर आलं, "काम पूर्ण".

मग पेटीची पाळी. पेटीला सपाट काँक्रीट आणि विजेची लाइन लागते. खाणीत दोन्ही नाही. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी धरणाचं काम आहे, तेव्हा बघू. चौघांनी पेटी परत चढवली, मला तिची कीवच आली.

साहेबांनी बुवांना जवळ बोलावलं. बदलीचं पत्र पाकिटासकट फाडलं आणि तुकडे खिशात घातले. मग माझ्याकडे वळले. "ताई, ऑफिसचा वेळ आहे हा. दोन दिवसांत लेखी खुलासा द्या. आणि यापुढे तुम्ही ड्रोन परत बोलावला, की प्रत्येक वेळी त्या कागदावर कारण लिहायचं, आणि शेजारी बुवांची सही घ्यायची. समक्ष."

"समक्ष," मी म्हटलं.

"हो," साहेब म्हणाले. त्यांनी शिक्षा काय दिलीय हे बहुतेक गाडीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, कारण काच खाली करून काहीतरी बोलायला लागले आणि पुन्हा वर केली.

सगळे गेल्यावर खाणीत एकदम शांत झालं. दुपारचे दोन वाजले होते. मी रिमोट पिशवीत ठेवायला लागले. आता कुठे बघावं ते कळेना, म्हणून पिशवीच्या चेनकडे बघत होते.

"मॅडम," बुवा म्हणाले, "चार बॅटऱ्या भरलेल्या उरल्यात."

"उद्याला होतील."

"उद्यापासून तीन दिवस तुम्ही ऑफिसात आहात. या बॅटऱ्या भरलेल्या तशाच ठेवल्या तर फुगतात. ठेवायच्या तर निम्म्यावर आणून ठेवाव्या लागतात." मग जरा थांबून, "उडवूनच."

"ब्लॉक तर संपला."

"नुसता उभा राहिला हवेत तरी चालतो."

मी ड्रोन वर नेला आणि खाणीच्या मध्यावर उभा केला. तो घरघरत एका जागी थांबला. वर जाण्याचं काही कारण नव्हतं, म्हणून खुर्चीवर बसले. ते दुसऱ्या खुर्चीवर बसले. स्क्रीनवर आकडा शंभरावरून सावकाश खाली येत होता. मी आकड्याकडे बघत विचारलं, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी वाटलं, पक्षी असेल. कागद छापला तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत? मी तुमच्यावर आळ घेतला. बदली होणार होती तुमची."

बुवांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. तसाच हातात धरला.

"बोललो असतो तर तुम्ही बटण दाबायचं थांबवलं असतं," ते म्हणाले.

आम्ही दोघं वर बघत बसलो. बऱ्याच वेळाने स्क्रीनवर पन्नास आलं. बुवा उठले नाहीत, मीही नाही, मग मीच ड्रोन उतरवला आणि त्यांनी बॅटरी बदलली. या वेळी त्यांना अडतीस सेकंदांहून पुष्कळ जास्त लागले. अजून तीन बॅटऱ्या होत्या.